कोरडं जाळं

बा,

जाळं हवेत असायचं तेव्हा काहीच ऐकू यायचं नाही. ते नुसतं उघडत जायचं. मग त्याच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या मण्यांचं अख्खं रिंगण एकाच वेळी पाण्याला टेकायचं आणि छर्र असा आवाज यायचा, तापल्या तव्यावर कोणी पाणी शिंपडावं तसा. मी आता आदिलाबादेत नळाच्या पाण्यावर म्हातारा झालोय. धरण इथून पुष्कळ लांब. पण मागच्या घरातली बाई सुपात ज्वारी पाखडायला बसली, की तोच आवाज येतो आणि मी हातातलं सोडून खिडकीशी जातो. खिडकीतून दिसते फक्त तिची पाठ. तरी मी जातो. तू कुठेतरी पाण्यात उभा असशील आणि तो आवाज ऐकून मान वळवशील, असं वाटतं.

आपली वस्ती आठवते तशी अजून डोळ्यांपुढे आहे. तामसीला बस गाठायची तर दीड तास चालावं लागायचं. धरण झालं, नदीचं पाणी आपल्या उंबऱ्याशी आलं आणि दुसऱ्याचं झालं. ठेकेदार लिलावात धरणाची मासेमारी घ्यायचा आणि आपलेच लोक आपल्याच पाण्यात त्याचे मजूर व्हायचे. स्वतःसाठी चोरून धरलेली मासोळी टोपलीत घेऊन आई तामसीपर्यंत चालायची, तोवर ऊन चढायचं आणि मासोळीचे डोळे पांढरे व्हायचे. कोणी घ्यायचं नाही. येताना ती टोपली ओढ्यात रिकामी करायची, आणि घरी त्या दिवशी कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. तिथूनच तुला बर्फाचं वेड लागलं असावं. रस्ता पाहिजे, बर्फ पाहिजे, आणि धरणावर ठेकेदार नको, आपल्याच लोकांची सोसायटी पाहिजे. तीन गोष्टी. वस्तीतली माणसं तुला बर्फच म्हणायला लागली होती. तू कचेरीतून परत येताना दिसलास की काका पारावरून ओरडायचा, "काय हो बर्फ, एवढ्या उन्हाचे आले, इरघळले नाई का?"

काका म्हणजे तुझा चुलतभाऊ, पण सख्ख्याहून जवळचा. धरणाकाठच्या पाचही वस्त्यांत त्याच्यासारखं जाळं फेकणारा कोणी नव्हता. लोक म्हणायचे, तो फेकतो ते जाळं कंपासनं काढल्यासारखं पडतं.

आणि अर्ज लिहायचं काम माझं. मी तेव्हा नुकताच मराठी शाळेवर मास्तर झालो होतो, आणि पाठ्यपुस्तकातल्या नदीच्या कविता माझ्या डोक्यात चोवीस तास वाहत असायच्या. पहिला अर्ज मी चुलीपाशी बसून लिहिला. सोनेरी किरणांत न्हालेली जलमाता, तिची लेकरं, तिच्या कुशीतली ती इवली वस्ती, असं बरंच काही. तू भाकरीचा तुकडा हातात धरून शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालास, "हे कोणासाठी लिवलं लेका? सायबासाठी, का तुह्या मास्तरासाठी?" मला राग आला. तू हसला नाहीस. "नदी सायबानं पाह्यली हाय. सडलेली मासोळी नाई पाह्यली. ते लिव." मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात एकही विशेषण नव्हतं. आयुष्यभर मुलांना कविता शिकवल्या, पण मजकूर कसा लिहावा हे मला कोणी शिकवलं असेल तर ते तू, सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्यानं.

ते सगळे अर्ज तू एका जुन्या जर्मनच्या डब्यात ठेवायचास. पूर्वी त्यात सुकट असायची. कचेरीतला कारकून नाकाला रुमाल लावून म्हणाला होता, "क्या जी, कागज को भी मछली की बू?" आणि तू शांतपणे सांगितलंस, "साब, अर्जीच मछली की हैना." तो डबा तू कोणाच्या हाती दिला नाहीस. आईलाही नाही. पाच वस्त्या पायी फिरून, ज्यांचं एकमेकांशी पाण्यावरून भांडण होतं त्यांना एका पारावर बसवून, तू पाचांचा एक अर्ज केलास. सगळे अंगठे त्या डब्यात होते. "डबा गेला तर पाच गावं गेले," म्हणायचास. आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं तेव्हाही डबा तुझ्या उशाशीच होता.

कचेरीनं शेवटी कबूल केलं, पण अट घातली. सोसायटीत नाव पाहिजे तर प्रत्येकानं साहेबासमोर जाळं फेकून दाखवायचं. ठेकेदाराचे लोक कोळी म्हणून घुसू नयेत यासाठी. दिवस ठरला. त्याच आठवड्यात धरणाचा पुढचा लिलाव होता आणि साहेबाच्या बदलीचा हुकूमही आलेला होता. तो दिवस हुकला असता तर पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात. हे मला माहीत होतं, तुला तर माझ्याहून जास्त.

त्या दिवशी सकाळी, दवाखान्यात चहावाला खोलीखोलीतून फिरत असताना, तू गेलास.

आपल्याकडे कोणी गेलं की तीन दिवस कोणी जाळं ओलं करत नाही. एका वस्तीत माणूस गेला तर पाचही वस्त्यांची जाळी काठीवर कोरडी. गेलेला माणूस पाणी उतरून पलीकडे जात असतो, त्याच्या पायात जाळं अडकू नये म्हणून. मीही लहानपणी हे ऐकत झोपलोय. मी तुझ्या तोंडावर माझा पंचा टाकला, आयाबाईला सांगितलं की दुपारपर्यंत माणसं घेऊन येतो, उशाशीचा डबा उचलला आणि तामसीची बस धरली. बसमध्ये माझ्या शेजारी कापसाचं बियाणं घेऊन एक माणूस बसला होता. तो वाटभर पावसाबद्दल बोलत राहिला आणि मी त्याला हो हो म्हणत राहिलो. काय करायचं ते मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. बसमधून उतरलो तेव्हा ते ठरलेलं होतं, एवढंच.

काठावर पाचही वस्त्यांची माणसं रांगेत उभी आहेत. जीप आलीय. साहेब खुर्चीवर, मांडीवर यादी. आई पुढे येते.

"कसे हायत?"

"झोपले हायत," मी म्हणतो.

"काही खाल्लं?"

"चहा घेतला."

बा, तो चहा मी घेतला होता.

काका जवळ आला. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो माझ्या हातातल्या डब्याकडे पाहत होता. "डबा तुह्यापाशी कसा?"

"बानं देल्ला. यादी लागन म्हणून."

"देल्ला," काका म्हणाला. तो आणखी काही विचारेल म्हणून मी थांबलो. त्यानं खांद्यावरचं जाळं सारखं केलं आणि रांगेत मागे जाऊन उभा राहिला.

साहेब तेलुगूत म्हणायचा, "वेय्." म्हणजे टाक. आणि एकेक जण टाकत होता. चांगली पडत होती जाळी. एका वाकड्या फेकीवर साहेबानं भुवई उचलली तर सगळे एकदम म्हणाले, "वारा आला सायेब, वारा," आणि साहेबही हसला. मग काकाचा नंबर. लोक पुढे सरकले, कारण त्याची फेक पाहायला तर सगळे थांबलेले. काका पाण्यापर्यंत गेला. पाय ओले होणार नाहीत इतक्या अंतरावर थांबला.

"वेय्."

"मले येत नाई," काका म्हणाला.

सगळ्यांना ती गंमतच वाटली. कोणी म्हणालं, सकाळीच घेतली वाटते. साहेबानं दोनदा विचारलं. काकानं दोन्ही वेळा तेच सांगितलं, त्याच आवाजात, आणि जाळं खांद्यावर तसंच ठेवून घरी गेला. साहेबानं त्याच्या नावावर काट मारली. जीप गेल्यावर मी लोकांना सांगितलं की दवाखान्यातून निरोप आलाय, तू आत्ताच गेलास. आईनं तेच खरं मानलं आणि मरेपर्यंत तेच खरं मानत राहिली. सोसायटी झाली, बा. धरण आपलं झालं. पण काका कधीच मेंबर झाला नाही. जन्मभर तो दुसऱ्याच्या नावावर मासे धरत राहिला, आणि लोकांच्या पोरांनी त्याला जन्मभर चिडवलं, "आबा, जाळं फेकता येते का?" मी सणावाराला जायचो, त्याच्यासमोर बसायचो, त्याच्या हातचा रस्सा खायचो. आम्ही दोघांनीही त्या दिवसाचं नाव काढलं नाही.

आता वस्तीपर्यंत डांबरी रस्ता आहे. गेल्या आठवड्यात सोसायटीची आता अध्यक्ष असलेल्या मुलीचा फोन आला. नवीन बर्फखोली झालीय, तिथे तुझा फोटो लावणार आहेत. म्हणाली, "सर, दोन पानं लिहून द्या. तुमचं मराठी सुंदर आहे, छान फुलवून लिहा." फुलवून. मी तुझा डबा काढला. त्यात अजून काही कोरे कागद आहेत, समास पाडलेले, तू आदिलाबादच्या बाजारातून आणलेले. पिवळे पडलेत आणि वास अजून आहे. दोन पानं लिहायला बसलो आणि हे लिहून बसलो. हे त्या मुलीला द्यायचं नाही. परत डब्यात ठेवणार आहे.

मी खोटं बोललो याची टोचणी आहे, पण ती मला सोसते. तू नको म्हणाला असतास तरी मी तेच केलं असतं, आणि तू तेच कर म्हणाला असतास. न सोसणारी गोष्ट लहान आहे. शेवटी साहेबानं हौस म्हणून सगळ्यांना एकदम फेकायला लावलं होतं. पाच वस्त्यांची जाळी एकाच वेळी उघडली, उन्हात, आणि तो आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेला. त्या क्षणी, बा, तू गेल्याचं मला आठवलंच नाही. मला कवितेची एक ओळ सुचली. तू पाण्यात होतास, तुझ्या अंगावर मी अख्ख्या काठाची जाळी टाकायला लावली होती, आणि मी ती ओळ जुळवत उभा होतो. ती अजून पाठ आहे. कधी कोणाला म्हणून दाखवली नाही.

दार वाजलं म्हणून पेन ठेवलं होतं. पोस्टमन असेल असं वाटलं.

काका आहे. ज्यानं तामसीच्या पुढचं काही पाहिलेलं नाही, तो इतक्या वर्षांनी एकटा बसनं आलाय. हातात काठी, खांद्यावर खताच्या पोत्यात गुंडाळलेलं जाळं. धाप लागलीय, तरी बसल्याबसल्या सुरू झाला. "कंडक्टर जाळ्याचं तिकीट मांगत होता. म्हटलं, हे बसलं का रे बाप्पा शिटावर? माह्या मांडीवर हाय."

पाणी दिलं. पेला रिकामा करून तो म्हणाला, "मास्तर, अर्ज लिवून दे. मले मेंबर व्हायचं हाय. साधा लिव."

"आता काका? या वयात? जाळं फेकून दाखवा लागते."

"दाखवतो ना." तो पोत्याची गाठ चाचपत होता, माझ्याकडे पाहत नव्हता. "तवा तुहा बाप पाण्यात होता. आता उतरला असन पार."

मी कागद आणतो म्हणून आत आलोय, आणि उभ्या उभ्या हे चार शब्द लिहितोय. डब्यात एकच कोरा कागद उरलाय, बा. तो काकाला लागेल.