मैल्याची टाकी

४ मार्च
सकाळी आमच्या राहत्या ट्रेलरच्या मैल्याच्या टाकीची नळी बदलली. जुनी जोडापाशी चिरली होती. नवीला हातहात अंतरावर विटांचे टेकू दिले, उतार एकसारखा. आधी गटाराच्या तोंडाशी जोडायची, मग ट्रेलरला. लोक उलटं करतात आणि मग हात धूत बसतात! मला कुणी शिकवलं नाही. चुकत-माकत स्वतः शिकलो.
ही दारात येऊन म्हणाली, "अहो, वास येतोय."
मी नळीशी गुडघे टेकून बसलोय, मला येत नाही. हिला वर येतो!

५ मार्च
परत तेच. वास, वास, वास.

७ मार्च
माझी पद्धत एकदा लिहूनच ठेवतो. बाकीचे टाकी भरेपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवतात, मग एकदम सोडतात. म्हणजे आठवडाभर घाण उशाशी घेऊन झोपायचं! मी व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवतो. साचूच द्यायचं नाही. घर विकून या चाकांवरच्या खोलीत आलो त्याला दोन वर्षं झाली – 'टाकी भरली'चा दिवा एकदाही लागलेला नाही.
शेजारच्या ट्रेलरमध्ये एक निवृत्त प्लंबर राहतो. ही त्याच्याशी बोलत होती. घरचं धुणं चव्हाट्यावर!

१० मार्च
मुलगी आली. पाच मिनिटं आत बसली, मग खुर्ची उचलून बाहेर. "बाबा, बाहेर छान हवा आहे." मायलेकींचं ठरलेलं होतं. मी काय दूधखुळा आहे?

११ मार्च
ही गेली मुलीकडे. दोन बॅगा घेऊन. भांडली असती तर बरं झालं असतं. पायरीवरून म्हणाली, "वास गेला की कळवा. मग बघू."
म्हटलं, खुशाल जा. माझं काही अडत नाही.

१२ मार्च
अडतं.

१४ मार्च
प्लंबर न बोलावता आला. "मास्तर, व्हॉल्व्ह उघडा ठेवता म्हणे?" मी छाती फुगवून हो म्हटलं. तो हसला, मग हसायचा थांबला. "अहो, पाणी निघून जातं, जड माल तिथेच बसतो. दोन वर्षांचा डोंगर झाला असेल आत!"
सर्टिफिकेटवाल्यांनाच काय ते सगळं येतं! तो गेल्यावर संडासाच्या भोकातून बॅटरी मारली.
डोंगरच होता. वाळून दगड झालेला.

१६ मार्च
दोन दिवस व्हॉल्व्ह बंद, टाकीत गरम पाणी आणि साबण. मग काठीने फोडलं, सोडलं, परत भरलं. असं चार वेळा. प्लंबर नाकाला रुमाल बांधून नळी धरून उभा होता. "तुम्हाला काहीच होत नाही?"
"सवय आहे."
"मास्तर, सवय व्हायलासुद्धा आधी वास यावा लागतो."
पाचव्यांदा पाणी नितळ आलं. तो गेल्यावर व्हिनेगरची बाटली उघडून नाकाशी धरली. मग फिनेल. मग सडका कांदा. काही नाही. नुसती हवा.
कधीपासून? सांगता येत नाही. नळीचा उतार दोरी लावून मोजणारा मी!
टाकी स्वच्छ आहे. वास गेला का, ते मला कळणार नाही. हिला विचारावं लागणार. विचारायचं म्हणजे सांगायचं.

१७ मार्च
फोन केला. सांगितलं सगळं. व्हॉल्व्हचं, आणि नाकाचंही.
म्हणाली, "नाकाचं माहीत आहे मला. गेल्या वर्षी गॅस सुरू राहिला होता आणि तुम्ही शेगडीशेजारी पेपर वाचत बसला होतात. तेव्हापासून मी एक दिवस कुठे राहायला गेले नव्हते."
"मग बोलली का नाहीस?"
"तीनदा बोलले. तुम्ही म्हणालात, तुझंच नाक बिघडलंय."
म्हटलं, "ये आता."
"नाही हो. गॅस सुटला की वाजणारा अलार्म मिळतो बाजारात. तेवढा लावून घ्या."