सोनलने सांगितलेला शेवट

भिवंडी, शुक्रवार. दिवाबत्ती झाल्यावर.

आज जाऊबाईंकडे टीव्हीवर तो सिनेमा हिंदीतून लागला होता. कादंबऱ्यांवरून काढलेल्या चार भागांतला शेवटचा. सरकार तरुण पोरांना भिंतीपलीकडे पाठवतं, तो. माझी सोनल आजारपणात मोबाइलवर ते इंग्रजीतून बघायची आणि मला मराठीत सांगायची.

त्यात भिंतीपलीकडे पाठवलेली एक पोरगी होती, तिच्यात माझा फार जीव अडकला. शेवटच्या भागाआधी मी वज्रेश्वरीला नवस बोलले. सोनल बरी होऊ दे, ती पोरगीही घरी येऊ दे, दोघींचे दोन नारळ. सोनल हसत सुटली. "अगं आई, सिनेमातल्या पोरीला नवस? देवी डोक्याला हात लावेल!"

दोन दिवसांनी म्हणाली, "आली गं तुझी पोरगी घरी. जा, फेड नवस." मी खरंच बसने जाऊन एक नारळ फोडून आले. वाटलं, देवीने एकीचं ऐकलं, आता दुसरीचंही ऐकेल. सोनलने प्रसाद घेतला. पुढच्या महिन्यात गेली.

आज बघितलं. ती पोरगी घरी येतच नाही. भिंतीपाशीच मरते.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, सिनेमाच आहे तो, रडतेस काय एवढी?"

देवीवर राग नाही. त्या नारळाचंही काही नाही. पण माझ्या लेकीने तो शेवट एकटीने बघितला, आणि डोळे पुसून मला दुसराच सांगितला. मी चार पावलांवर स्वयंपाकघरात होते. हाक का नाही मारलीस गं?