चिठ्ठीमागची खूण

चेस्टर, ३ मार्च

ती. मेरियल मावशीस,
कॅलमचा शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी, नाहीतर मी फुटेन! पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून मला बोलावलंय. शनिवारी पोहून दाखवायचं!

काळजी एकच. दम्याचा पंप संपत आलाय. मागे जॉब सेंटरची, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीची, भेट चुकली (त्या दिवशी धाप लागली होती), म्हणून त्यांनी माझा बेकारी भत्ता कापलाय. औषधाच्या चिठ्ठीमागे ‘भत्ता मिळतो, म्हणून मोफत’ अशी खूण करून सही करावी लागते. भत्ता कापलेल्याने ती कशी करायची? खोटी ठरली तर दंड. विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून चिठ्ठी खिशातच आहे आणि पंप एक दिवसाआड घेतोय. आईला कळवू नकोस.

तुझा,
कॅलम


रेक्सम, ५ मार्च

चि. कॅलम यास अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, श्वास म्हणजे काय पावावरचं लोणी आहे, पातळ लावून पुरवायला? आमच्या वेल्समध्ये औषधं सगळ्यांनाच मोफत, खूण नाही की सही नाही. तुझी आई लग्न करून इंग्लंडात गेली, तेव्हाच मी नाक मुरडलं होतं.

बरं, मला सांग, तुझ्या खोलीचं भाडं कुठून जातं? त्याच भत्त्यातून ना? मग तो कापलाय, बंद कुठे झालाय? औषधाच्या दुकानात तोंड उघडून विचार. तू मनातच खटला चालवतोस आणि शिक्षाही स्वतःच सुनावतोस. पत्र मिळताच निघ. कोट घाल.

रागावलेली, पण तुझीच,
मेरियल मावशी


चेस्टर, ९ मार्च

ती. मावशीस, सा. न.

मिळाली! नोकरी मिळाली!

शुक्रवारी औषधाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी माझ्या फोनवर भत्त्याचा हिशेब पाहिला. म्हणाल्या, भाडं मिळतंय म्हणजे भत्ता चालू आहे, कर खुशाल खूण. शिवाय इतके दिवस कुठे होतास म्हणून झापलं. तुझी बहीण शोभतील.

काल शेवटच्या फेरीत पाय शिशासारखे झाले, पण श्वास शेवटपर्यंत टिकला. बाहेर आलो तर साहेब म्हणाले, सोमवारी ये.

लगेच दुकानात जाऊन विचारलं, पूर्ण पगार सुरू झाल्यावर ती खूण मला चालणार नाही ना? बाई म्हणाल्या, नाही, मग पैसे पडतील. मी म्हटलं, वा! त्या हसतच सुटल्या. औषधाचे पैसे भरायला इतका उतावळा झालेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता म्हणे.

तुझा ओरडा आणि माया दोन्ही अशीच चालू ठेव.

तुझा,
कॅलम