जड पाण्याचा तपास

ता. ९ जानेवारी १९३८, रविवार. निपाणी.
चिकोडीहून व्याह्यांचं पत्र. बसवंतराव लिहितात, तुमच्या इंदूला पाचवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, तिला आम्ही आडवं येत न्हाय. पण तुमच्या आडाचं पाणी लई जड. दिवाळसणाला आमचा मुलगा चार दिवस ऱ्हायला तर डाळ दाताखाली कडकड वाजत होती, आणि डोक्याला साबण लावला तो फेस यायचा सोडून नासक्या दुधावानी फुटला. सबब शिमग्याच्या आधी आम्ही स्वतः येऊन पाणी बघणार, मग पोरीचं ठरवणार.

पत्र ऐकून रुक्मानं डोळ्याला पदर लावला. इंदूची बाळंतिणीची खोली तिनं मनात केव्हाच लावून ठेवली आहे.

पाण्याबद्दल तक्रार खोटी नाही. बंबाच्या आत पांढरा थर दगडासारखा बसलाय. अर्धा भारा लाकडं जळतात तेव्हा पाणी कोमट होतं.

निश्चय : उपाय मी निवडणार. तीस वर्षं जकात नाक्यावर कारकुनी केली. गाडीवानाच्या तोंडाकडं बघून गोणीत काय आहे ते सांगत होतो. पाणी काय चीज आहे.

ता. ११ जानेवारी.
चौकशी सुरू. किराणा दुकानदार म्हणतो तुरटी फिरवा. तुरटी त्याच्याच दुकानात. वैद्य म्हणतो निवळीच्या बिया उगाळा. बिया त्याच्याच बरणीत. तांबट म्हणतो नवा बंब घ्या. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, धुण्याचा सोडा टाकून बघा. तो सोडा विकत नाही. याचा फायदा कुठं ते कळेना, म्हणून त्याचा संशय सगळ्यांत जास्त.

ता. १६ जानेवारी.
वडगावहून भरमू आला. रुक्माचा धाकटा भाऊ. घरी चार माग, सूत-रेशीम स्वतःच रंगवतो. आडाचं पाणी चुळीत फिरवलं आणि म्हणाला, दाजी, आमच्याकडंबी असलंच हाय. चुना भिजवायचा, त्याची निवळी, म्हणजे वर साचलेलं नितळ पाणी, आडाच्या पाण्यात टाकायची, रातभर बसू द्यायचं, सकाळी वरचंवरचं पाणी घ्यायचं. रेशीम कसं मऊ निघतंय बघा. आन् बंबात चिंचेचं पाणी उकळा, थर सुटतोय.

पाण्यात चुना जास्त झालाय, म्हणून पाण्यात चुना घालायचा! मी हसलो. मग विचार केला. भरमूनं नुकतीच नवी खोली बांधली आहे. त्याची बायको दुपटी शिवते आहे म्हणे. म्हणजे इंदूचं बाळंतपण वडगावला न्यायचं, मामानं केलं म्हणून गावभर सांगायचं. डाव ओळखला. विषय बदलला.

रुक्मा मात्र त्याला चुलीपाशी बसवून विचारत होती, किती घालायचा, कशात भिजवायचा. भाऊ आला की हिला काहीही ऐकायला गोड वाटतं.

ता. १९ जानेवारी.
तुरटीची ट्रायल. पाणी स्वच्छ, डाळ कडक. निवळीच्या बियांची ट्रायल. पाणी आणखी स्वच्छ, डाळ तेवढीच कडक. निदान ती पाण्यात स्पष्ट दिसते.

ता. २५ जानेवारी.
बंबाचा थर काढायला छिन्नी घेतली. दोन ठोके बरोबर बसले. तिसऱ्या ठोक्याला आतून उजेड दिसला. पत्रा मुळातच हलका असणार. तांबटानं झाळून दिला आणि हसला. त्याचं हसणं इथं नोंदवून ठेवतो.

ता. ३० जानेवारी, रविवार. दुपारी.
शेवटी खरा माणूस भेटला. बेळगावचा एजंट, कोट, टाय, चामडी बॅग. त्याच्याकडं तांब्याचं कडं आहे, आत लोहचुंबक. आडाच्या दोराला बांधायचं. पाण्यातले कण शिस्तीत रांगेनं उभे राहतात आणि भांड्याला चिकटत नाहीत. पूर्ण सायन्स. आणि तो हे विकतच नाही! ट्रायलला ठेवा म्हणाला, फक्त डिपॉझिट घेतलं. इतक्या लोकांत विकत नाही म्हणणारा हा एकच. संशय घ्यायला जागाच नाही. कडं उघडलं तर गुण जातो, एवढी एक अट. कबूल केली.

ता. ३ फेब्रुवारी.
रुक्मा म्हणाली, इंदूच्या खोलीला सफेदी करून घ्यावी, तेवढा कळीचा चुना आणा. बाजारातून पोतं स्वतः खांद्यावर आणलं. परसात ठेवलं. मष्णू सफेदीवाला येणार आहे.

ता. ९ फेब्रुवारी.
सक्सेस! डाळ शिजली. बोटांत दाबली तर लगदा झाला. साबणाला फेस आला. बंबाचं पाणी इतकं लवकर तापलं की अंगावर घेताना ओरडलो. आतला थरही जवळजवळ गेला. बंबाला जरा आंबूस वास येतो, तो लोहचुंबकाचा असावा.

रुक्माला कड्याचं सायन्स समजावलं. ती व्हय व्हय म्हणत दुसरी वाटी वाढत होती.

ता. १३ फेब्रुवारी.
चिकोडीला सविस्तर रिपोर्ट पाठवला. भरमूला वेगळं कार्ड टाकलं, चुन्याशिवाय काम झालं असं. एजंटालाही आभाराचं पत्र टाकलं. रोज संध्याकाळी जुन्या नाक्यावर जाऊन बसतो. नवा कारकून अगदीच भोळा. काल एकानं तुपाचा डबा कडब्यात घालून नेला, याला पत्ता नाही. त्याला तासभर समजावलं.

ता. २२ फेब्रुवारी.
एजंटाचं पत्र परत आलं, या पत्त्यावर असा कोणी नाही. चांगल्या मालाला मागणी असते, जागा बदलली असेल.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. चुन्याचं पोतं अर्ध्यावर आलंय आणि खोलीला सफेदीचा एक हातही लागलेला नाही. मष्णू का येत नाही विचारलं तर रुक्मा म्हणाली, येतोय की, घाई काय हाय. मग चुना जातो कुठं?

आड आमच्या आणि शेजारच्या यल्लाप्पाच्या मध्ये, भिंत आडावरूनच गेली आहे. यल्लाप्पा तंबाखूच्या वखारीत कामाला. दिवसभर तंबाखूत चुना मळतो. भिंत कमरेएवढीच. लक्ष ठेवायला हवं.

ता. ४ मार्च.
रुक्मानं आणखी एक पोतं मागवलं. पहिलं ओलीनं खराब झालं म्हणाली. आणलं. वाटेत यल्लाप्पा भेटला, पोत्याकडं बघून म्हणाला, अण्णा, घर बांधताय काय? प्रश्नाचा सूर बरा नव्हता.

ता. १० मार्च, गुरुवार.
माल सापडला. आमचा मोठा रांजण तळाशी चार बोटं पांढऱ्या गाळानं भरलेला! जिभेला लावून पाहिला. चुनाच.

म्हणजे यल्लाप्पा माझाच चुना चोरतो आणि माझ्याच पाण्यात टाकतो. कारणही सापडलं. सात वर्षांपूर्वी त्याच्या मामाची तंबाखूची गाडी मी नाक्यावर दिवसभर अडवली होती. कड्याच्या जोरावर पाणी अजून टिकून आहे, पण किती दिवस टिकणार? व्याही रविवारी येतात. मुहूर्त धरूनच केलंय.

भिंतीवरून हाक मारून त्याची चुन्याची डबी जप्त केली. तो म्हणाला, डबी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं अण्णा, पण वखारीत जायच्या आधी नखभर तरी द्या. दिला नाही. मुद्देमाल आहे.

ता. १२ मार्च, शनिवार.
रांजण उपसला, गाळ उकिरड्यावर फेकला, रांजण काथ्यानं घासला. आडाचं ताजं पाणी भरलं. कड्याची गाठ पुन्हा आवळली. दुपारपासून रांजणाजवळ स्टूल टाकून बसलो आहे. आज नाक्यावर गेलो नाही.

चारच्या सुमाराला रुक्मा मडकं घेऊन आली. म्हणाली, सरका, रांजणात चुन्याची निवळी घालायची हाय. मी म्हणालो, कोणीही काहीही घालायचं नाही. मग तिनं सांगितलं की रोज तुम्ही नाक्यावर गेला की मीच घालते, भरमूनं सांगितल्यावानी. बंबातबी चिंच मीच उकळली. तुमच्या कड्यात काय बी न्हाय.

तीस वर्षांत, आपण विचारायच्या आधी कबुली देणारा माणूस मी पाहिला नाही. अशी कबुली दुसऱ्याला वाचवायला असते. यल्लाप्पाची बायको हिला रोज ताक देते. सगळं जुळलं.

तिनं हात जोडले. इंदूसाठी म्हणते, एवढ्या बारीला माझं ऐका. मी सरकलो नाही. ती मडकं घेऊन तशीच उभी राहिली, अंधार पडेपर्यंत. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शेजाऱ्यासाठी इतकं रडणं बरं नव्हे.

ता. १३ मार्च, रविवार.
व्याही आले. बसवंतराव आणि विहीणबाई.

आधी आड दाखवला. कडं दाखवलं. कण रांगेत कसे उभे राहतात ते सांगितलं. बसवंतराव आडात वाकून बराच वेळ बघत होते. मग हातपाय धुतले. साबण फुटला. मग पानं वाढली.

डाळ तीन तास चुलीवर होती. पहिल्या घासाला बसवंतरावांचा जबडा थांबला. घास गिळला, पाणी प्याले आणि म्हणाले, पाव्हणं, तुमचं पत्र लई छान शिजलं हुतं, डाळ तेवढी ऱ्हायली. निघताना म्हणाले की इंदूनं वडगावला मामाकडं जावं, तिथलं पाणी त्यांनी मागं पाहिलं आहे.

रुक्मा इंदूच्या खोलीत गेली आणि मांडून ठेवलेलं अंथरूण गुंडाळून आली. माझ्याकडं पाहिलं नाही.

कारण : लोहचुंबकाला उन्हाळा बाधला असावा.

ता. २० मार्च.
रुक्मा सर्व्हिस मोटारीनं वडगावला गेली. लेकीबरोबर राहणार, बाळंतपण उरकून येणार. मोटार सुटताना म्हणाली, बंबात चिंच उकळून ठेवलीय, जपून वापरा.

ता. २ एप्रिल.
मष्णू रस्त्यात भेटला. इतके दिवस का आला नाहीस म्हणून खडसावलं. तो म्हणाला, मला बोलवायला कोण आलतं?

घरी आलो. कडं सोडलं आणि उघडलं. आत वाळू आणि एक वाकडा खिळा.

दुपारी यल्लाप्पाची डबी परत केली. तपास संपला की मुद्देमाल मालकाला द्यायचा, असा नियम आहे. तपास संपला असं मात्र मी त्याला म्हणालो नाही.

ता. २० एप्रिल.
बंब पुन्हा कुरकुरतो. डाळ सोडली, भातावर ताक घेतो. ताक यल्लाप्पाच्या घरून येतं.

ता. २९ मे, रविवार.
वडगावहून पत्र. भरमूच्या हातचं, रुक्मानं सांगितलेलं. गुरुवारी इंदूला मुलगी झाली. दोघी खुशाल. पोरीच्या अंगाला इथलं पाणी मानवलंय, न्हाणं झालं की गाढ झोपती. तुम्ही बारशाला या. काय खाताय ते कळवा.

पत्र दोनदा वाचलं. माझ्या नातीचं पहिलं न्हाणं या घरात व्हायचं होतं, या बंबातल्या पाण्यानं, पलीकडच्या खोलीत. स्टुलावरून उठलो असतो तर झालं असतं. हे इथं लिहून ठेवतो, कारण इथं कोणी वाचणार नाही.

संध्याकाळी परसातल्या पोत्यातला मूठभर चुना मडक्यात भिजवला. निवळी रांजणात ओतली. आधी मागच्या दाराला कडी लावली.

ता. ३० मे.
वरचंवरचं पाणी घेतलं. डाळ शिजली. दोन माणसांची टाकली होती, सवयीनं. उरलेली वाटी भिंतीवरून यल्लाप्पाला दिली. त्यानं तिथंच बोट बुडवून चाखली आणि आमच्या दाराकडं बघत विचारलं, वैनी आल्या व्हय?

नाही म्हणालो.