कपलरची जोडणी कोणी केली

उस्ताद,

मी, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा इंजिन दुरुस्ती, राहणार तालुका वडवणी, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देतो. नाव लिहीत नाही. ते तुम्ही मच्छीमार संस्थेच्या भर सभेत एकदा घेतले आहे, तेवढे पुरे. तुम्ही जाऊनही पुष्कळ वर्षे झाली. तरी बोटीच्या कामाबद्दल तुमच्याजवळ बोलायचे राहिले आहे, ते आज बोलतो.

तुमच्या हाताखाली मी नऊ वर्षे काढली. तुमच्या ओट्यावर तुमच्या घरची भाकरी खाल्ली. एकदा न पाहता मी पाना लावला म्हणून तुम्ही तो हिसकावून रस्त्यापलीकडे फेकला होता आणि म्हणाला होतात, "आधी बघ बे, मग कस." तो राग मला कधी लागला नाही. त्या एका वाक्यावर मी पोट भरले.

संस्थेची ती बोट दोन वर्षे धरणाच्या कोरड्या पोटात दगडांवर टेकवून ठेवलेली होती. पाणी आटले, सभासद ऊसतोडीला निघून गेले, बोटीच्या सावलीला शेळ्या बसू लागल्या. तिचे इंजिन आत होते आणि पंखा फिरवणारे यंत्र मागच्या फळीबाहेर लोंबत होते. त्याला सगळे शेपूट म्हणत. तिसऱ्या वर्षी वरच्या अंगाला पाऊस झाला, पाणी रोज थोडे जवळ येऊ लागले आणि अध्यक्षांनी आपल्याला बोलावले. आपण शेपूट उतरवले, पाणी अडवणारी, वाळून तडकलेली रबरी सिले बदलली, बेअरिंग नवे बसवले. इंजिन आणि शेपूट जोडणाऱ्या कपलरचे रबर उन्हाने भुगा झाले होते. त्याच्या जागी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेला कपलर लावला. चार दिवस इतके नेटके काम झाले की मला आजही त्याचा अभिमान आहे.

राहिली होती शेवटची परीक्षा, जी तुम्हीच मला शिकवली होती. सरळ गजाला वंगण फासायचे, तो बेअरिंगमधून कपलरच्या दात्यांत घालायचा आणि अलगद बाहेर काढायचा. दात्यांचे ठसे चारी बाजूंनी सारखे उमटले तर जोड एका रेषेत आहे. एकाच बाजूला उमटले तर इंजिनाचा पुढचा पाय वरखाली करून पुन्हा पाहायचे. मी गज बाहेर काढतो. पाणी आपल्यापासून वीस पावलांवर आहे.

"उस्ताद, ठसा वरच्याच अंगाला हाय. खाली कोरंच हाय."

"पुढच्या पायाचा नट गंजून बसलाय. त्यो सोडवायला दोन दिस जातील. पानी थांबणार हाय का तुझ्यासाठी?"

तेवढ्यात बांधावरून अध्यक्ष ओरडतात, "काय उस्ताद, बोट हाय का तिरडी? उठायची कवा? उद्या मत्स्यखात्याचे साहेब येणार हायेत!"

"उद्या सकाळी पान्यात, अध्यक्षसाहेब!" असे म्हणून तुम्ही माझ्या हातातला गज घेतला आणि फडक्याने पुसला. मग हळू आवाजात म्हणालात, "कस बोल्ट. मी हाय ना."

मी शेपूट चढवले आणि बोल्ट कसले.

ज्याने जोडले त्याने पहिल्या फेरीला बोटीत बसायचे, हा तुमचाच नियम. म्हणून दुसऱ्या दिवशी मी नावाड्याबरोबर बसलो. तुम्ही साहेबांशेजारी काठावर उभे राहिलात. धरणाच्या भिंतीसमोर आलो तेव्हा खडी चावल्यासारखा आवाज झाला, इंजिन मोकळे होऊन किंचाळू लागले आणि बोट जागीच थांबली. कपलरचे दाते सोलून निघाले होते. वाऱ्याने बोट धरणाच्या दगडी उतारावर नेली. ती आपटू नये म्हणून नावाड्याने हात पुढे घातला. त्याची तीन बोटे बोटीच्या आणि दगडाच्या मध्ये सापडली. संस्थेत त्याच्यासारखे फेकजाळे टाकणारा दुसरा नव्हता. पुन्हा त्याने जाळे टाकले नाही.

सभेत अध्यक्षांनी विचारले आणि तुम्ही उभे राहिलात. माझे नाव घेऊन म्हणालात, "जोडणी यानं केली. मी काठावर होतो." अध्यक्ष साखर कारखान्याच्याही मंडळावर होते आणि कारखान्याचे पंप तुमच्याकडे दुरुस्तीला येत, हे मला त्याच क्षणी आठवले. त्यानंतर कित्येक वर्षे पार पाटोद्यापर्यंत मला कोणी इंजिनाला हात लावू दिला नाही. लोक तोंडावर म्हणत, "ह्यो त्योच, बोटं तोडणारा मिस्तरी." सभेत एक वाक्य खरे बोला, एवढेच मागायला मी तुमच्या घरी आलो. तुम्ही जेवत होतात. म्हणालात, "तू जवान हायेस, तुझं निभंल. माझं या वयात न्हाई निभायचं." त्या दिवशी मी तुमच्या घरचे पाणीही घेतले नाही आणि पुढे तुमच्या मयतीलाही आलो नाही.

गेल्या आठवड्यात नावाडी वारला. तिसऱ्याला जाऊन बसलो होतो. तिथे मला सभेतली दुसरी गोष्ट आठवली, जी मी इतकी वर्षे बाजूला ठेवली होती. अध्यक्षांनी त्यालाही विचारले होते, "निघायच्या आधी तुला कुणी काय बोललं होतं का?" पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "न्हाई. कुणी काय बोललं न्हाई."

हे खरे नव्हते. बोट ढकलण्याआधी त्याने मला विचारले होते, "काय मिस्तरी, जोड पक्की हाय ना? मला पवता येतं, तुज्या इंजनाला न्हाई येत." आणि हसला होता. ठसा मी आदल्या दिवशीच पाहिला होता. तरी मी म्हणालो, "पक्की हाय. सोड बोट."

तुमच्यावरचा माझा दावा मी मागे घेत नाही. परंतु हे मी आजवर ना माझ्या बायकोला सांगितले, ना तिसऱ्याच्या दिवशी नावाड्याच्या बायकोला. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही आणि तिच्या हाती द्यायची माझी छाती नाही.

गज बाहेर काढला तेव्हा हजर साक्षीदार: तुम्ही स्वतः, मयत.
बोट सोडली तेव्हा हजर साक्षीदार: नावाडी, मयत.
लिहून देणार हयात आहे.