चौथी तकबीर ऐकू आली पाहिजे

बिस्मिल्लाह.

मी, बसीरा ओडेसा व्हिटफिल्ड, वय वर्षे एकाहत्तर, शहर वाहतूक खात्याची निवृत्त बसचालक, राहणार जर्मनटाउन, फिलाडेल्फिया, माझ्या पश्चात काय व्हावं ते आज लिहून ठेवते. पोटात कॅन्सर आहे, पण तो डोक्यापर्यंत पोचलेला नाही. तसं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे, तो कागद सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही, आणि नशापाणी मी पन्नास वर्षांत केलेलं नाही. मी रागात मात्र आहे. रागात केलेलं मृत्युपत्र रद्द होतं का, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तसं असतं तर आमचा धंदाच बसला असता." तेव्हा हे मृत्युपत्र रागासकट ग्राह्य समजावं.

याआधीचा एक कागद आहे. २००४ साली आमच्या मशिदीच्या कमिटीने छापील नमुने वाटले होते. त्यात एक ओळ होती की माझा मृतदेह कमिटीच्या ताब्यात द्यावा आणि पुढचं सगळं कमिटी ठरवेल. मी न वाचता सही केली. आयुष्यभर बसमधल्या सूचना लोकांना वाचून दाखवणारी मी, आणि स्वतःच्या मयताचा कागद वाचला नाही! तो कागद अजून कमिटीच्या कपाटात आहे. तो मी आज रद्द करते. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठीच आहे. घर, भांडी, पैसे ही नंतरची गोष्ट.

कलम १. घर. हे घर मी जुलै महिन्यात माझी मुलगी तस्नीम हिला बक्षीसपत्राने देऊन टाकलं आहे, त्यामुळे ते वाटणीत येत नाही. तरी इथे लिहिते, कारण लोक माझा मुलगा इद्रिस याच्या कानाशी लागतील की बहिणीला एक तर भावाला दोन. मला तो नियम पाठ आहे. बहिणीला पोसायची जबाबदारी भावावर होती म्हणून तो नियम झाला, हेही पाठ आहे. इद्रिसला ट्रक घेऊन दिला तेव्हा कोणी नियम काढला नव्हता. मला दवाखान्यात नेते, माझी उलटी पुसते, ती तस्नीम. बँकेत जे काही उरेल ते दोघांनी सारखं वाटून घ्यावं. इद्रिसने तसं लिहून दिलं आहे. पोरगा मनाने वाईट नाही, भित्रा आहे.

"आई, मला घर नकोच आहे गं," तो म्हणाला, "पण लोक विचारतील ना?"

"विचारू देत की. सांग, आई बस चालवायची. कोणाला कुठे उतरवायचं ते तिचं तिलाच ठरवायची सवय होती."

कलम २. तळघरातली तपकिरी बॅग. ही माझा माजी नवरा अब्दुल वकील (हे नावच आहे, धंदा नव्हे) याची आहे, त्याला पोचती करावी. १९८९ साली त्याने दुसरं लग्न केलं. मला ते ईदच्या जेवणात कळलं, जेव्हा एका अनोळखी बाईने माझ्या ताटात मॅकरोनी वाढली आणि प्रेमाने म्हणाली, "आता आपण दोघी बहिणीच." मी त्याला जाब विचारला तर म्हणाला, परवानगी आहे. परवानगीला लागूनच जी अट आहे, सगळ्यांना समान वागवायची, ती त्याच्या डोळ्यांना कधी दिसलीच नाही. बॅग मीच भरली. तो न्यायला आला नाही. आत बायकोने नवऱ्याशी कसं वागावं यावरची त्याची तीन पुस्तकं आहेत. मी ती वाचली आहेत, त्याने वाचली असतील असं वाटत नाही.

कलम ३. बसचालकाचं निळं जाकीट. हे आमच्या युनियनच्या हॉलमध्ये खुंटीला टांगावं. हे जाकीट आणि डोक्याला रुमाल अशी मी सत्तावीस वर्षं गाडी चालवली. एकदा एक म्हातारा गोरा गृहस्थ तिकीट न घेताच ओरडला, "तुमच्या देशात परत जा!" माझ्या पणजीने याच देशातल्या जॉर्जिया राज्यात दुसऱ्याच्या मालकीचा कापूस वेचला. मी परत जायचं कुठे, तेवढं सांग की मेल्या! दुसरीकडे आमच्याच मशिदीत दर ईदला कोणीतरी नवी बाई गोड आवाजात विचारते, "तुम्ही कधी मुसलमान झालात?" कधी? तुझा नवरा शिकायला या देशात आला त्याच्या वीस वर्षं आधी. मी एकविसाव्या वर्षी कलमा पढले, कारण मला सांगितलं गेलं की इथे काळा-गोरा एका रांगेत, खांद्याला खांदा लावून उभा राहतो. मी ते खरं मानलं. आजही मानते. म्हणूनच तर अंगाची आग होते.

कलम ४. माझी हत्यारं. एनॅमलचा पांढरा जग, दोन कात्र्या, मोठ्या दातांचा कंगवा, कापराचा डबा आणि पांढऱ्या सुती कापडाचा अर्धा तागा. मशिदीतल्या बायकांच्या मयतांना शेवटचं स्नान घालायचं काम मी आणि माझी मैत्रीण झकिया मॅबरी, आम्ही दोघींनी एकतीस वर्षं केलं. आधी उजवी बाजू, मग डावी. पाणी विषम वेळा. शेवटच्या पाण्यात कापूर. केसांच्या तीन वेण्या. अंगावरची चादर क्षणभरही सरकू द्यायची नाही, आणि जे दिसलं ते बाहेर बोलायचं नाही. आम्हा काळ्या बायकांचे गुंतलेले केस सोडवायला झकियासारखा हात कोणाचा नव्हता. मेलेल्या बाईशी ती बोलायची, "थांब गं राणी, झालंच हं, एवढी एक गाठ."

आमच्या कमिटीचे सचिव, अरब घराण्यातले डॉ. तमीम हद्दाद, यांच्या सासूबाई वारल्या तेव्हाही आम्हीच गेलो. त्यांच्याकडच्या कोणाला हात लावायचं धाडस झालं नाही. त्याच वर्षी त्यांच्या पुतण्याने तस्नीमला मागणी घातली होती. डॉक्टर घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मुलगी हिरा आहे हो सिस्टर, पण आमच्याकडचे लोक काय म्हणतील?" आमचे हात त्यांच्या मयताला चालतात. आमची मुलगी त्यांच्या स्वयंपाकघरात चालत नाही. हे मी अकरा वर्षं पोटात ठेवलं, आता कागदावर ठेवते.

झकिया दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेली. मी एकटीने तिला स्नान घातलं. तिचे केस मला नीट सोडवता येईनात, तेव्हा मी रडले आणि तिला शिव्याही दिल्या. मग मशिदीत गेलो. वरचा हॉल पुरुषांना, तळघर बायकांना. वरचा आवाज खाली एका स्पीकरवरून येतो, आणि तो स्पीकर सहा वर्षं मधूनच बंद पडायचा. सहा वर्षं आम्ही सांगत होतो.

जनाज्याच्या, म्हणजे मयतासाठीच्या, नमाजात झुकायचं नाही, डोकं टेकायचं नाही. सगळं उभ्यानेच. इमाम चार वेळा तकबीर म्हणतो, 'अल्लाहु अकबर', मग सलाम, की संपलं. कुठवर आलं ते फक्त कानांनीच कळतं. आम्हाला पहिली तकबीर ऐकू आली. दुसरी आली. मग स्पीकर मेला.

आम्ही तेवीस बायका हात बांधून उभ्या राहिलो. नमाज मोडायची नाही, म्हणून कोणी बोललं नाही, कोणी मान वळवली नाही. तिसरीची वाट बघत होतो. माझे पाय दुखायला लागले तरी मी उभी. शेवटी झकियाच्या सुनेला भोवळ आली आणि ती खाली बसली, तेव्हा मी धावत वर गेले. हॉल रिकामा. एक माणूस गालिच्यावर व्हॅक्यूम फिरवत होता. तो म्हणाला, "अरेच्चा, तुम्ही अजून इथेच? गाडी गेली की कब्रस्तानात, अर्धा तास झाला."

मी दुसऱ्या दिवशी डॉ. हद्दादांकडे गेले.

"वायरचा प्रॉब्लेम होता, सिस्टर. सब्र करा."

"सब्र? सहा वर्षं काय करत होतो आम्ही, भजी तळत होतो?"

"कमिटी विचार करतेय. आणि हे बघा, बायकांना जनाज्याला यायची सक्ती तर नाहीच आहे."

"सक्ती नाही म्हणून आम्हाला तळघरात कोंडून वर नमाज संपवून टाकायची? पैगंबरांच्या मदिन्यातल्या मशिदीत बायकांसाठी भिंत होती का? त्यांच्या पत्नी हजरत आयेशांनी जनाजा मशिदीत आणायला लावला होता नमाजासाठी, तुमच्या कमिटीला विचारून?"

"तुम्ही फार चिडलाय. घरी जाऊन हात-पाय-तोंड धुऊन वजू करा, बरं वाटेल."

चिडलेय म्हणे. माझ्या मैत्रिणीची नमाज माझ्याकडून अर्धी राहिली. मी तिसरी आणि चौथी तकबीर ऐकलीच नाही. घरी मी नंतर दहा वेळा एकटीने पढले, पण ती रांग नव्हती. स्पीकर अजून तसाच आहे. वरच्या हॉलमध्ये नवीन झुंबर मात्र आलं.

आता ही हत्यारं कोणाला द्यायची. तस्नीमला मयताची भीती वाटते, तिच्यावर जबरदस्ती नाही. मागच्या वर्षी माझ्या मागच्या दाराशी डॉ. हद्दादांची बायको रनीम उभी राहिली, हातात झाकलेलं भाताचं पातेलं. म्हणाली, "माझ्या आईला तुम्ही स्नान घातलंत. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. झकियाबाई तिच्याशी बोलत होत्या. मला शिकवा."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग?"

"त्यांना विचारलं तर ते नाही म्हणतील."

"विचार असं कुठे म्हटलं मी? सांग म्हटलं."

तिने पातेलं ओट्यावर ठेवलं. मी शिकवलं तरी. जेवणाच्या टेबलावर तस्नीमला झोपवलं, वर चादर, आणि रनीमने कोरडा जग फिरवून सगळं केलं. गुदगुल्या होऊन तस्नीम हसत सुटली. रनीमचा हात हलका आहे, कंगवाही जमतो. पण ती दर वेळी मागच्या दाराने आली आणि मागच्या दाराने गेली. म्हणून अट घालते: रनीम हद्दाद हिने नवऱ्याला तोंडावर सांगितलं तर ही हत्यारं तिची, आणि मला स्नानही तिनेच घालावं. न सांगितल्यास हत्यारं कोणालाच देऊ नयेत. मग इस्पितळातल्या नर्सने काय पुसायचं ते पुसावं. चोरून येणाऱ्या हातांनी मला शेवटचं पाणी नको आहे.

कलम ५. माझी नमाज. माझं शरीर कोणत्याही कमिटीच्या ताब्यात देऊ नये. ते तस्नीमच्या ताब्यात द्यावं. बायका आणि पुरुष एकाच जमिनीवर, पुढे-मागे रांगांत, मध्ये भिंत नाही, असं जिथे होईल तिथेच माझी नमाज व्हावी. मशिदीचा वरचा हॉल उघडत असेल तर तिथे, मला तीच मशीद प्रिय आहे, तिच्या गालिच्याचे पैसे आम्ही बायकांनी केक विकून उभे केलेत. नाहीतर युनियनच्या हॉलमध्ये. तिथे मी संपात तीन आठवडे पुरुषांच्या शेजारी उभी राहिले, कोणाचा धर्म बुडाला नाही. इमाम इद्रिसने व्हावं. पुष्कळ माणसं एकत्र नमाज पढतात तेव्हा मागच्या रांगांसाठी तकबीर पुन्हा मोठ्याने म्हणणारा एकजण असतो. ते काम बायकांच्या रांगेतून तस्नीमने करावं. शाळेच्या मैदानावर पोरांना हाका मारते तशा आवाजात. चारही तकबिरी. चौथी सगळ्यात मोठ्याने.

आणि माझी सुरू करण्याआधी इद्रिसने झकियाची नमाज पुन्हा पढवावी. कब्रस्तानात गेलेल्यासाठीही पढता येते, मी विचारून घेतलं आहे. त्या दिवशीच्या बाकी बावीसजणींना बोलावणं धाडावं. यादी फ्रिजवर लावली आहे.

कलम ६. हे मृत्युपत्र वाचून कोणी माझ्या धर्माला नावं ठेवायला लागलं, तर त्याला इथून हाकलावं. आमच्या डेपोत एक गोरी बाई होती, मला म्हणायची, "तो रुमाल काढ, मोकळी हो." बढतीची यादी लागली तेव्हा माझ्या बाजूने तिने तोंडही उघडलं नाही. अशांसाठी हा कागद नाही. माझं भांडण अल्लाहशी नाही. पन्नास वर्षांत त्याने मला एकदाही तळघरात पाठवलेलं नाही. माझं भांडण घरातलं आहे, आणि घर सोडायचा माझा विचार नाही.

साक्षीदार. इथल्या कायद्याला दोन साक्षीदार पुरतात आणि ते बाई की पुरुष हे कायदा विचारत नाही. कमिटी विचारेल. दोन बायकांची साक्ष मिळून एका पुरुषाची, असं त्यांचं म्हणणं असेल तर ठीक आहे, मी चार बायकांच्या जागा ठेवल्या आहेत. करा बेरीज. ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये असं वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटलं, जुना जग आणि कात्र्या, त्यात कसला लोभ? चौथी जागा सकाळपासून रिकामी आहे. संध्याकाळी पाचपर्यंत वाट बघून मी तिच्यावर रेघ मारणार आहे.

सही: बसीरा ओडेसा व्हिटफिल्ड
ठिकाण: जर्मनटाउन, फिलाडेल्फिया
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

आम्हा सर्वांसमक्ष लिहून देणार बाईंनी सही केली, आम्हीही एकमेकींसमक्ष केली.

१. वेरोनिका टिलमन, बसचालक, युनियनची खजिनदार
२. हमीदा मॅबरी, झकियाची सून. तळघरात खाली बसले ती मीच.
३. ओपल रेनी ग्रँट, शेजारीण
४. रनीम हद्दाद. वेळ चार वाजून पन्नास मिनिटं. पुढच्या दाराने आले. त्यांना सांगून आले आहे, विचारून नाही. आणि बसीराबाईंच्या जनाज्याला मी वरच्या हॉलमध्ये उभी राहणार, हेही सांगितलं आहे.