वळिवाची खोली

११ एप्रिल

पोचले एकदाची! बेळगावहून जांबोटी, जांबोटीहून टेम्पो आणि फाट्यापासून सडेवाडीपर्यंत पायपीट. बॅग ओढायला कुणी नाही, कारण मीच फुशारकीनं कळवलं होतं की न्यायला येऊ नका. हात भरून आलेत, पण मी खूश आहे. टिळकवाडीत आईच्या नजरेखाली सव्वीस वर्षं काढल्यावर ही पहिली खोली, जिची किल्ली फक्त माझ्याकडं आहे.

नोकरी कशी मिळाली ते लिहून ठेवलंच पाहिजे, नाहीतर पुढं माझाच विश्वास बसायचा नाही. काजू कारखान्याचे मालक मारुतीराव मुलाखती घ्यायला बेळगावात आले होते. माझी फूड टेक्नॉलॉजीची पदवी त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली, "लई शिकलाय की" म्हणाले, आणि उठता उठता कंबर धरून मटकन खाली बसले. उसण भरली होती. कण्हत कण्हत त्यांनी विचारलं, तुमच्यात कुणी पायाळू आहे का. झालं! पायांकडून जन्मलेल्या माणसानं पाठीवर पाय फिरवला की उसण उतरते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि आमच्या घरातली पायाळू मीच.

आईनं लहानपणापासून बजावलंय की हे कुणाला सांगत सुटू नको, पायाळू माणसाला वीज शोधत येते. ढग गडगडला की ती मला जिन्याखाली कोंबायची आणि स्वतः वाट अडवून बसायची. शेजारची पोरं पावसात नाचायची, मी केरसुण्यांच्या शेजारी. पण इथं समोर माझी नोकरी कण्हत बसलेली! मी चप्पल काढली आणि मालकांच्या पाठीवर डावा पाय फिरवला. मारुतीराव ताठ उभे राहिले आणि म्हणाले, अकरा तारखेपासून या. पदवी टेबलावरच राहिली होती, ती मी नंतर पळत जाऊन आणली.

खोली वाडीच्या वर, सड्यावर म्हणजे उघड्या पठारावर, एकटीच आहे. आजूबाजूला काळा जांभा दगड, वाळकं गवत आणि एक फणस. कौलं नवीकोरी, भिंतींना ताजा चुना, खाली शहाबादी फरशी, दाराशी काथ्याचं जाड पायपुसणं. आणि अख्ख्या वाडीत रेंज मिळते ती फक्त इथं. आईला फोन लावला तर तिचा पहिला प्रश्न, तिकडं आभाळ कसं आहे? कडक ऊन, मी म्हटलं. आणि ते खरंच होतं.

१६ एप्रिल

काम जमतंय. काजूगराची प्रतवारी बघायची, ओलावा तपासायचा, बायका सोलताना गर मोडत नाहीत ना ते पाहायचं. माझ्याआधी सौरव नावाचा मुलगा हे काम करायचा. गेल्या मे महिन्यात तो न सांगताच गोव्याला गेला म्हणे. चांगला होता पोरगा, असं सगळे म्हणतात आणि विषय बदलतात.

जेवण मालकांच्या घरी. मारुतीराव, त्यांच्या पत्नी अक्काताई, विधवा सून दिपाली आणि आठ वर्षांची नात ओवी, एवढंच घर. ओवी माझ्यामागं शेपटासारखी असते. तिला सगळ्यांपेक्षा माझ्या खोलीची उत्सुकता, पण वर यायची तिला मनाई आहे. का, ते कुणी सांगत नाही.

माझ्या पायाची कीर्ती मात्र कारखानाभर झाली आहे. दिवसभर बसून सोलणाऱ्या बायकांच्या कमरा धरतातच. जेवणाच्या सुट्टीत त्या पालथ्या पडतात आणि मी पुरोहितासारखी एकेकीच्या पाठीवरून पाय फिरवत जाते. हसून हसून मुरकुंडी वळते. मी अक्काताईंना विचारलं की एवढ्या वाडीत दुसरं कुणीच पायाळू नाही का. त्या म्हणाल्या, "न्हाय गं लेकी, एकबी न्हाय. म्हणून तर तू देवासारखी आलीस." माझा पायगुण इतका चांगला असेल असं आईला कधी वाटलं नव्हतं.

२२ एप्रिल

आज पहिला वळीव. मोबाईल सकाळी निरभ्र म्हणत होता. दुपारी उकडून जीव नकोसा झाला, वारा पडला, आणि बघता बघता पूर्वेकडून शाईसारखा ढग चढला. इथं याचा नेम नसतो. एका शेताला झोडपतो, बांधापलीकडं धूळ उडत असते.

मारुतीरावांनी कारखाना बंद केला आणि मला खोलीवर जायला सांगितलं. खोलीपाशी पोचले तर मागून माणसं आली. प्रत्येकाच्या हातात लोखंड: पहार, कोयता, नांगराचा फाळ, घमेलं. सगळं माझ्या अंगणात नीट रचून ठेवलं आणि खाली गेली. गारा पडायला लागल्या की अंगणात कुऱ्हाड फेकायची रीत आजीकडं पाहिली आहे, म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नाही. अक्काताईंनी सांगितलं की वीज लोखंडावर येते, म्हणून ते घरांपासून लांब ठेवायचं. बरोबरच आहे. माझं घर त्यांच्या घरांपासून लांब आहे.

वीज सड्याच्या टोकाला पडली. संध्याकाळी बायका आल्या, हसत, नटूनथटून. त्यांनी माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, वर हिरव्या बांगड्या. दिपाली माझ्या पाया पडली आणि उठेचना, शेवटी मीच तिला उठवलं. आईला सांगितलं की ऊन आहे. उगाच कशाला तिच्या जिवाला घोर.

२९ एप्रिल

पुन्हा तसंच. सकाळी लख्ख ऊन, तिसऱ्या प्रहरी अंधार. पुन्हा लोखंड आलं, या वेळी जास्त. पहारी ठेवल्या नाहीत, खोलीभोवती जमिनीत रोवल्या.

गारा लिंबाएवढ्या होत्या. कौलं फुटतील म्हणून मी दाराच्या चौकटीत उभी राहिले. वीज चमकली आणि खालची वाडी एकदम पांढरी दिसली. प्रत्येक दारात माणसं उभी होती. कुणी आभाळाकडं बघत नव्हतं. सगळे हात जोडून माझ्या खोलीकडं बघत होते.

मग फणसावर पडली. बुंधा उभा चिरला, करपलेला गोड वास सुटला. कान वाजत राहिले. डाव्या पायाची बोटं बधिर झाली आहेत, सुई टोचून पाहिली तरी कळत नाही.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. वाटी विसळून ठेवावी तसं मी अंगण झाडलं, गारा बाजूला केल्या. फक्त हात दुसऱ्याच कुणाचे असावेत असं वाटत होतं.

संध्याकाळी पुरणपोळी आली. आईचा फोन आला. ऊन आहे, म्हटलं.

४ मे

खोली झाडताना दाराजवळचं पायपुसणं उचललं. पहिल्यांदाच. ते फरशीला चिकटवलेलं होतं, ओढून काढावं लागलं.

खाली फरशीत दोन पावलं. काळी. रबर वितळून दगडात बसलेलं, टाचेजवळ चपलेची नक्षी अजून दिसते. माणूस दारात उभा असावा, बाहेर तोंड करून. मी उभी होते तसाच.

मारुतीरावांना विचारलं की सौरव खरंच गोव्याला गेला का. ते हिशेबाच्या खुर्चीतून उठले नाहीत. मीच पुढं विचारलं की मुलाखतीत त्यालाही उसण भरून दाखवली होती का. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाई, खोली रिकामी ऱ्हायली की ती वाडीत उतरतीया." इतकंच. आवाजात राग नाही, लाज आहे. लाजेनं माझं काय भागणार?

बोटांच्या वर, घोट्यापर्यंत आता काही कळत नाही.

पोलिसांना फोन लावावा म्हणून मोबाईल घेतला. रेंज पूर्ण होती. काय सांगू? मला पोळ्या खाऊ घालतात, ओटी भरतात, आणि वीज माझ्या घराजवळ पडते? ठेवून दिला.

सोमवारी फाट्यावरून बस आहे. जायचं.

५ मे

जायच्या आधी निरोप घ्यायला मालकांच्या घरी गेले. मागच्या दारानं.

परसात दिपाली पालथी पडली होती. ओवी तिच्या कमरेवर डावा पाय फिरवत होती. सावकाश, शिकवल्यासारखा.

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं.

एकबी न्हाय, म्हणाल्या होत्या अक्काताई.

मग दिपाली उठून बसली, बाजूला निजवलेलं शेजारच्या घरातलं तान्हं बाळ मांडीवर घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून बोलली. ओवी जन्मली त्या साली खोली रिकामी होती. वीज खळ्यावर आली, ओवीच्या बाबांवर. ते पायाळू नव्हते. त्यांनी फक्त तिला उचलून घेतलं होतं. तेव्हापासून मारुतीराव दर वर्षी माणूस शोधायला बेळगावला जातात.

मी म्हटलं, ओवीला माझ्याबरोबर दे. आई तिला जिन्याखाली बसवेल, मला बसवायची तशी. दिपालीनं नकारार्थी मान हलवली. मग वाडीत कोण, एवढंच तिनं विचारलं. तिच्या मांडीवर ते बाळ झोपलं होतं.

मी बाळाचं दुपटं सारखं केलं आणि निघाले.

६ मे, सकाळ

बॅग भरली. कुणी अडवलं नाही. अक्काताईंनी वाटेत खायला भाकरी-चटणी बांधून दिली. रडत होत्या, पण हात थांबले नाहीत. ओवीनं विचारलं, "ताई, परत कवा येणार?"

आभाळ स्वच्छ. मोबाईलही स्वच्छ म्हणतो.

पाय ओढत चालते आहे. डावा गुडघ्यापर्यंत माझा नाही.

६ मे, फाटा

बस उभी आहे. ड्रायव्हर यल्लाप्पा चहा पितोय, पाच मिनिटांत निघू म्हणाला.

पूर्वेला ढग.

इथून सडा दिसतो. मारुतीराव वर चढताहेत. खांद्यावर छोटी गादी. गोधडी निळी— ओवीची.

मागून ती. हातात बाहुली. तिला खोली बघायची होती ना. उड्या मारत चालली आहे.

दिपाली खाली, पायवाटेवर बसलेली. पदर तोंडात.

यल्लाप्पानं हॉर्न वाजवला. बॅग वर टाकली त्यानं.

मी शूर नाही. हे लिहून ठेवते. मला काहीच वाटत नाही, शूरपण नाही, दयाही नाही. फक्त ती उड्या मारत चालली आहे—

बॅग बसमध्येच राहू दे.

६ मे, दुपार

खोलीत आहे. ओवीला खाली पाठवलं. यायला तयार नव्हती, रुसली. बाहुली विसरून गेली.

मारुतीराव पाया पडले. मी पाय मागं घेतला. बधिर होता, नीट निघाला नाही.

लोखंड आलं. आज सगळं. लोक बघत नाहीत माझ्याकडं, माना खाली घालून ठेवतात आणि जातात. अक्काताई शेवटी आल्या, त्यांची विळी घेऊन. दारात थांबल्या. विळी उंबऱ्याशी ठेवली आणि गेल्या.

वारा पडला.

पायपुसणं काढून टाकलं. त्या पावलांवर पाय ठेवून पाहिले. सौरवचा पाय मोठा होता.

केसांची टोकं उभी राहताहेत. हातावरची लवही. हिरव्या बांगड्या आपोआप वाजतात—

खाली सगळी दारं उघडी. माणसं उभी. ओवी दिपालीच्या कडेवर, तोंड झाकलेलं. बरं केलं.

भीती नाही. आईची आठवण येते. तेवढीच एक गोष्ट अजून जाणवते.

पांढरं— फार जवळ. उजवा पायही आता—

मोबाईल वाजतोय. आई. ती जिन्यापाशी बसली असेल, वाट अडवून, सवयीनं. उचलते. तिला सांगते की इकडं अजून ऊन—